बातमीचा धागा जाळून पाहा

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. रेशीम म्हणून आणलेला माल खरा की खोटा अशी शंका आली, तर ताग्याच्या कडेचा एक धागा ओढून त्याला काडी लावायची. रेशमाचा धागा केस जळाल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. या परीक्षेला पैसा लागत नाही. एक काडी आणि दोन मिनिटे पुरतात. राजारामपुरीच्या गल्ल्यांतील आमचा कोणताही दुकानदार बंधू ही परीक्षा केल्याशिवाय रेशमाच्या भावाने माल उचलणार नाही. परंतु हाच बंधू मोबाइलवर आलेली बातमी मात्र धागा न तपासता उचलतो आणि पुढच्या पन्नास जणांच्या गळ्यात मारतो. दुर्दैवाने हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नसून स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे.

सन २०२१ च्या अखेरची गोष्ट. कापडावरील जीएसटी ५ टक्क्यांवरून १२ टक्के होणार, असे ठरले होते. त्याची अधिसूचना १८ नोव्हेंबर २०२१ रोजी निघाली होती आणि अंमल १ जानेवारी २०२२ पासून व्हायचा होता. सारा बाजार धास्तावला होता. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी माझ्या मोबाइलवर संदेश आला की, दिल्लीची बैठक संपली, वाढ कायम आहे, उद्यापासून १२ टक्के. मी तो जसाच्या तसा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. शेजारच्या तालुक्यातील एका तरुण रेडीमेड व्यापाऱ्याने माझ्या नावावर विश्वास ठेवला आणि जुन्या दराचे बिल मिळावे म्हणून त्याच रात्री उधारीवर दीड-दोन लाखांचा माल बांधून घेतला. प्रत्यक्षात त्याच दिवशी झालेल्या जीएसटी परिषदेच्या ४६ व्या बैठकीत कापडावरील वाढ पुढे ढकलण्यात आली होती. वाढ झाली ती पादत्राणांवर. शासनाचे अधिकृत निवेदनही त्याच दिवशी प्रसिद्ध झाले होते. ते पाहायला मला एक पैसा पडला नसता.

त्या तरुणाचा तो माल दोन हंगाम पडून राहिला. त्याने मला एक शब्द सुनावला नाही. "चाचा, तुमच्या नावाने आलं म्हणून घेतलं," एवढेच म्हणाला. हे वाक्य आजही मला टोचते.

सनद नसलेली खबर

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. दीनियातच्या तासाला मौलवीसाहेब सांगत की, हदीसची रिवायत आली की आधी सनद पाहिली जाते. कोणी कोणाकडून ऐकले, रावी कोण, त्याची सचोटी कशी, दोन रावींची भेट होणे शक्य होते का, हे सारे पाहून मगच रिवायत सही की जईफ ते ठरते. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत तर स्पष्ट हुकूम आहे की, बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी तहकीक करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि मागून पस्तावाल. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा आशयाची हदीसही प्रसिद्ध आहे. ज्या उम्मतने खबरेची तहकीक हे एक शास्त्र म्हणून जगासमोर ठेवले, त्याच उम्मतचे व्यापारी आज 'आला तसा पुढे पाठविला' असे सहज बोलून जातात, ही शरमेची बाब होय.

आता कोणी म्हणेल, एवढे काय बिघडते? काय बिघडते ते कोल्हापूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. जून २०२३ मध्ये काही तरुणांच्या मोबाइलवरील स्टेटसवरून शहर पेटले. ७ जून रोजी बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडावा लागला आणि इंटरनेट बंद करण्यात आले. दगड कोणाच्या दुकानावर पडले, हे सर्वांना माहीत आहे. इंटरनेट बंद म्हणजे क्यूआर कोड बंद, कार्डाचे मशीन बंद, माल वाहतुकीचे ई-वे बिल बंद. त्या दिवसांत रोजंदारीवर शिलाई करणाऱ्या कारागिराच्या घरी चूल कशी पेटली असेल याचा विचार स्टेटस ठेवणाऱ्याने केला नव्हता आणि दगड मारणाऱ्यानेही केला नव्हता. हे लिहिताना मी आपल्या मुलांना मोकळे सोडीत नाही. दगडाचा गुन्हा दगड मारणाऱ्याचाच. पण दुसऱ्याच्या भावनेला डिवचण्याची हौस हीदेखील आपल्या बाजारावर पडणारी कुऱ्हाडच आहे.

त्याहून भयंकर प्रकार १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे घडला. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्या अफवेपायी आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच गरीब माणसांना जमावाने ठार मारले. ते मुसलमान नव्हते. अफवेला जात नसते, धर्म नसतो, तिला फक्त परका चेहरा लागतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर पाचाची मर्यादा आली!

एप्रिल २०२० ची आठवण तर ताजीच आहे. टाळेबंदीत फळविक्रेत्याचा एक व्हिडिओ देशभर फिरविला गेला आणि गावोगावी आपल्या हातगाडीवाल्यांकडून माल घेऊ नका, असा प्रचार झाला. तो व्हिडिओ मध्य प्रदेशातील रायसेनचा आणि टाळेबंदीपूर्वीचा, फेब्रुवारी महिन्यातील असल्याचे तपासणीत निघाले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि प्रसारमाध्यमांच्या अपप्रचारावरही ताशेरे ओढले. न्याय मिळाला, पण हातगाडीवरची सडलेली फळे कोणी भरून दिली नाहीत. उशिरा आलेले सत्य व्यापाऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून तहकीक जलद झाली पाहिजे, आणि ती आपल्याला स्वतःला करता आली पाहिजे.

गर्दी म्हणजे खात्री नव्हे

आजची तरुण पिढी बातमी वर्तमानपत्रात कमी आणि लोकांनीच चालविलेल्या संकेतस्थळांवर जास्त वाचते. डिग २००४ साली निघाले, रेडिट २००५ साली. त्यांची रीत अशी की, बातमी कोणीही टाकायची, वाचणाऱ्यांनी पसंती-नापसंतीची मते द्यायची आणि जास्त मते मिळालेली बातमी वर चढायची. फेसबुक, एक्स आणि व्हॉट्सॲपची तऱ्हा थोडी निराळी असली, तरी सूत्र एकच आहे. ज्यावर लोक जास्त तुटून पडतात ते सर्वांसमोर येते.

बाजारात बसणाऱ्याला यातली मेख लगेच कळावी. एखाद्या दुकानात गर्दी आहे म्हणून तेथील माल अस्सल आहे असे आपण कधी मानत नाही. गर्दी सेलची असेल, उधारीची असेल किंवा भाड्याने आणलेलीही असेल. बातमीला मिळालेल्या मतांचे तसेच आहे. मते लोकांना काय आवडले ते सांगतात. खरे काय ते सांगणे हे त्यांचे काम नाही.

तेव्हा आता काडी कोणती लावायची ते पाहू. खाली सांगितलेली सर्व साधने फुकट आहेत, आणि तुमच्या मोबाइलवर आधीच असलेल्या साध्या ब्राउझरवर चालतात. बातमी तपासण्याकरिता कोणी एखादी एपीके फाइल पाठवून ती बसवायला सांगितली, तर ती मुळीच बसवू नये. त्या वाटेने खाते रिकामे होते.

पहिले साधन फोटोकरिता. गूगल लेन्समध्ये फोटो टाकला की तोच फोटो आणखी कोठे कोठे छापला गेला आहे ते दिसते. टिनआय नावाच्या दुसऱ्या साधनात सर्वांत जुना फोटो आधी दाखवा, अशीही सोय आहे. 'काल आपल्या गावात घडले' म्हणून आलेला फोटो सहा वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्याच देशातला निघाला की विषय संपला. व्हिडिओ असेल तर तो थांबवून स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो तपासावा.

दुसरे साधन दाव्याकरिता. गूगलचे फॅक्ट चेक एक्सप्लोरर म्हणून एक शोधस्थळ आहे. त्यात दोन-चार शब्द टाकले की त्या दाव्याची तपासणी आधीच कोणी केली आहे का ते कळते. ऑल्ट न्यूज, बूम यांसारख्या संस्था हे काम रोज करतात. फॅक्ट क्रेसेंडो व न्यूजचेकर यांची पाने मराठीतही आहेत.

तिसरे साधन सरकारी खबरेकरिता. केंद्र सरकारच्या योजना, कर, कर्जमाफी अशा दाव्यांसाठी पीआयबी फॅक्ट चेक हे खाते नोव्हेंबर २०१९ पासून चालू आहे. त्याच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सॲप क्रमांकावर शंकेचा संदेश पाठविता येतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही सरकारची स्वतःबद्दलची बाजू आहे. योजना खरी की बोगस एवढे तिला विचारावे. सरकारवरील टीका खरी की खोटी याचा न्यायनिवाडा तिच्याकडे मागू नये. समाजमाध्यमांवरील मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देणारी नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ती याच विचाराने.

चौथे साधन धंद्याचे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. कराचा दर व्हॉट्सॲपवर न पाहता जीएसटी परिषदेच्या आणि सीबीआयसीच्या संकेतस्थळावर पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर पुन्हा बदलले. नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. पादत्राणांनाही जोडीमागे हीच २,५०० ची रेषा आहे. नवा गिऱ्हाईक किंवा परगावचा पुरवठादार भेटला, तर जीएसटीच्या संकेतस्थळावर 'करदाता शोधा' या ठिकाणी त्याचा क्रमांक टाकावा. नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे ते कळते. यासाठी लॉगिन लागत नाही. सुरतेहून फोनवर गोड बोलून आगाऊ पैसे मागणाऱ्याचा क्रमांक या चाळणीतून आधी काढावा.

पाचवे साधन आपल्या आवडीची बातमी आपणच निवडण्याचे. गूगल अलर्टमध्ये 'सूत दर', 'यंत्रमाग', 'कोल्हापुरी चप्पल' किंवा आपल्या दुकानाचे नाव लिहून ठेवावे. त्याविषयी नवीन काही छापून आले की ईमेलवर खबर येते. फीडली किंवा इनोरीडर यांसारख्या वाचकांत निवडक संकेतस्थळे एकदा जोडून ठेवली की नव्या बातम्या एकाच पानावर ओळीने मिळतात. मूलभूत सोय फुकट आहे. यात कोणी गर्दी जमवून आपल्यापुढे नको ते ढकलीत नाही. ज्यांचे मराठी वा इंग्रजी वाचन कच्चे आहे, त्यांनी गूगलच्या भाषांतराचा आधार घ्यावा. मजकूर उर्दूत करून वाचता येतो. भाषांतर कधी चुकते, म्हणून आकडे मूळ पानावर जरूर पडताळावेत. हीच सावधगिरी प्रश्नाला झटपट उत्तर देणाऱ्या एआयच्या बाबतीत बाळगावी. ते चुकीचा दरही तितक्याच ठामपणे सांगते.

सहावे साधन पुरावा जपण्याचे. आपल्या दुकानाबद्दल वा जमातीबद्दल कोणी खोटा मजकूर टाकला, तर त्याच्याशी भांडत बसण्याआधी तो जतन करावा, कारण टाकणारा तो केव्हाही पुसून टाकतो. खुल्या संकेतस्थळावरचे पान वेबॅक मशीनवर साठविता येते. व्हॉट्सॲपचे तसे होत नाही, तेथे क्रमांक व तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढावा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. पैशांची फसवणूक असेल तर एक क्षण न दवडता १९३० वर फोन करावा. जितका लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता जास्त.

चप्पल लाईनचा धडा

समाजमाध्यमांनी आपले नुकसानच केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. हा प्रकार कोणा वकिलाने उघडकीस आणला नाही. सामान्य लोकांनी फोटो ओळखले, शेजारी शेजारी ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. महाराष्ट्र चेंबरने कंपनीला पत्र लिहिले. कंपनीने त्या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. पुढे कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. ही फोटोची आणि लोकांच्या आवाजाची ताकद.

पण याच गदारोळात लाखाच्या घरातल्या किमतीचे संदेश फिरत होते, तेव्हा कंपनी सांगत होती की नमुने अजून प्राथमिक अवस्थेत आहेत आणि विक्रीचे ठरलेले नाही. दुसरीकडे मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक ती दोन महामंडळे आहेत, याचिकाकर्ते नव्हेत. ही नोंद सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. या मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार असे आठ जिल्हे आहेत. आपल्या किती कारागिरांना हे माहीत आहे? ज्याला आपल्या हक्काचा कागद कोठे ठेवला आहे हेच माहीत नाही, त्याचा राग खरा असूनही वाया जातो.

साधनांची मर्यादा

आता एक कडू गोष्ट. ही सारी साधने हाताशी असली तरी दगड घेऊन आलेल्या जमावाला कोणी गूगल लेन्स दाखवून परत पाठवू शकत नाही. तोवर वेळ गेलेली असते. शिवाय आपल्याबद्दलची अफवा खोटी आहे हे आपणच ओरडून सांगितले, तर ऐकणारे थोडे. खऱ्या बातमीलाही विश्वासाचा रावी लागतो. माझ्या शेजारचे मराठा दुकानदार, समोरचे जैन व्यापारी आणि मी, आम्ही तिघांनी २०२३ नंतर एक ठरवून टाकले आहे. गल्लीविषयी काहीही संदेश आला की पुढे पाठविण्यापूर्वी तिघे एकमेकांना फोन करतो. तपासून खोटा निघाला तर त्यांच्या ग्रुपवर ते लिहितात, आमच्या ग्रुपवर मी लिहितो. कधी त्यांच्याकडून आलेला खोटा निघतो, कधी आमच्याकडून. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. हे साधनही फुकट आहे, पण ते मोबाइलमध्ये मिळत नाही. ते रोजच्या चहातून आणि वेळेवर दिलेल्या देण्यातून तयार होते.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक व्यापारी ग्रुपवर आणि प्रत्येक मोहल्ल्यात दोन शिकलेली मुले किंवा मुली या कामाकरिता नेमाव्यात. शंकेचा संदेश आधी त्यांच्याकडे जावा, त्यांनी अर्ध्या तासात तपासून सांगावे आणि तोवर कोणी पुढे पाठवू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली या शहरात मुसलमान मुलांच्या शिक्षणाची सोय केली, ती आपण अक्षरओळखीपुरती राहावी म्हणून नव्हे. जुम्याच्या दिवशी खतीबसाहेबांनीही वर्षातून दोन-चार वेळा खबरेच्या तहकीकवर बयान करावे. आणि ग्रुपवर चुकीचे काही टाकले गेले, तर ते गुपचूप पुसून गप्प न बसता, 'माझी चूक झाली, हे खोटे होते' असे त्याच ग्रुपवर लिहिण्याची हिंमत दाखवावी.

मी ती हिंमत उशिरा दाखविली. त्या तरुण व्यापाऱ्याचा पडून राहिलेला काही माल मी माझ्या दुकानातून विकून दिला, पण त्याच्या मनातला माझ्या शब्दाचा भाव पूर्वीइतका राहिला नसेल तर त्याचा दोष नाही. व्यापाऱ्याकडे भांडवल दोन प्रकारचे असते, एक गल्ल्यातले आणि दुसरे जबानीचे. गल्ल्यातले गेले तर अल्लाहच्या कृपेने पुन्हा येते. जबानीचे गेले तर ते कमवायला उरलेली उमर लागते. तेव्हा बंधूंनो, पुढचा संदेश पाठविण्याआधी क्षणभर थांबा आणि त्याचा एक धागा जाळून पाहा.

(लेखक राजारामपुरी, कोल्हापूर येथील कापड व्यापारी आहेत.)